उजव्या बाजूचं काळीज

सोनुने सरांची आणि माझी ओळख भांडणानं झाली, आणि भांडण झालं एका शब्दावरून. एक्क्याऐंशी साली मी जालन्याहून भोकरदनच्या शाळेत मराठी शिकवायला आले. पहिल्याच आठवड्यात आठवीच्या वर्गाला वाक्प्रचार शिकवले आणि फळ्यावर लिहून ठेवलं, 'काळजाचा तुकडा – अत्यंत प्रिय व्यक्ती.' माझ्यानंतर सरांचा विज्ञानाचा तास होता. त्यांनी फळा पुसला नाही. माझ्या ओळीखाली एक फुगीर, तिकोनी चित्र काढलं आणि म्हणाले, "आपापल्या काळजावर हात ठेवा." साऱ्या वर्गाचे हात डाव्या छातीवर गेले. "सगळे चूक! उजवीकडं घ्या. जरा खाली. बरगडीच्या आत. हां, आता बराबर." मधल्या सुट्टीत चार पोरी पळत आल्या. "बाई, बाई, सर म्हणले तुमचं काळीज चुकीच्या बाजूला हाय!"

मी तेव्हा तरुण होते आणि तापट होते. आता नुसतीच तापट आहे. तडक शिक्षकांच्या खोलीत गेले आणि या बुटक्या, काळ्यासावळ्या, खिशाला तीन रंगांची पेनं लावलेल्या माणसाला म्हटलं, "माझ्या फळ्यावर चित्रं काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" सर शांतपणे भाकरी मोडत होते. म्हणाले, "बाई, तुमचा अर्थ बिलकुल बराबर हाय. फक्त जागा चुकली. काळीज म्हंजे यकृत. खाटकाला विचारा, कलेजी दे म्हणलं तर तो काय देतो? तुमच्या कवींनी दोन अवयव एक करून टाकलेत, त्याला मी काय करू?" आणि मिरचीच्या ठेच्याचा डबा माझ्याकडे सरकवला. मी रागानं ठेचा घेतला. तो इतका तिखट होता की भांडायचं राहूनच गेलं.

सर मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. घरची थोडी मोसंबी होती, वडील जंबेरीच्या रोपावर मोसंबीचा डोळा भरण्यात वाकबगार. म्हणजे एका झाडाच्या फांदीवरचा कोंब, त्याला आमच्याकडे डोळा म्हणतात, तो सालीसकट हळूच काढायचा आणि दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवून बांधायचा. सर लहानपणी ते बघत वाढले आणि बहुतेक त्यातूनच जीवशास्त्राकडे गेले. एमएस्सी झाले, पण बोलणं पिंपळगावचंच राहिलं. वर्गातही 'करून राह्यलो', 'गेल्तो', 'आल्ता' सगळं चालायचं. मी एकदा म्हटलं, सर, वर्गात तरी प्रमाण भाषा बोला. तर म्हणाले, "बोलतो की. पिंपळगावात ह्येच प्रमाण हाय."

मात्र शब्दांच्या बाबतीत भयंकर सोवळे. इंग्रजी शब्द वर्गात आला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. सेल म्हणायचं नाही, पेशी म्हणायचं. किडनी नाही, मूत्रपिंड. आणि लिव्हर तर मुळीच नाही. "यकृत म्हणलात तरी चालंल, पण तो शब्द पाहुणा हाय. काळीज घरचा. आपल्या आजीला ठावं व्हता. शब्द घरचा असला की अवयव बी घरचा वाटतो." मी चिडवायची, "सर, दवाखान्यात जाऊन काळीज दुखतंय म्हणा, इसीजी काढतील तुमचा." ते हसायचे, पण शब्द सोडायचे नाहीत.

त्यांना वेड होतं ते पुन्हा उगवणाऱ्या गोष्टींचं. वर्गात बटाटा आणून त्याचे डोळे दाखवायचे, जास्वंदीची काडी मातीत खोचायचे, पालीची तुटलेली शेपटी कागदात गुंडाळून आणायचे. ती एकदा माझ्या टेबलावर सोडून गेले. तेव्हा मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शाळेच्या अंगणातलं कडुलिंबाचं झाड नव्या खोल्यांसाठी तोडलं, तर सरांनी बुंध्याभोवती बाभळीचे काटे लावून ठेवले. मुख्याध्यापक म्हणाले, हे उपटून टाका. "फुटंल, साहेब. डोळा जिता हाय." आणि फुटलं. नापास पोरांच्या बापांनाही हेच सांगायचे. नववीत दोनदा बसलेली नफिसा नावाची मुलगी होती, तिचा बाप शाळेतून नाव काढायला आला. सरांनी त्याला अंगणात नेऊन तो बुंधा दाखवला आणि म्हणाले, "ह्याला किती महिने लागले ठावं हाय का? जरा दम काढा, भाई." नफिसा आज परिचारिका आहे.

आणि वर्षातला त्यांचा लाडका तास काळजाचा. त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून यायचे. शेजारच्या वर्गात शिकवताना मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "पोरांनो, हात कापला तर हात येत न्हाई. डोळा गेला तर येत न्हाई. पण काळजातला निम्मा भाग काढला ना, तरी ते काही महिन्यांत पुन्हा भरून येतंय. असा दिलदार अवयव दुसरा न्हाई!" त्यांचा आवाज इतका खुललेला असायचा की माझी पोरं मराठी सोडून तिकडंच कान लावून बसायची.

त्यांच्या मुलाचं, संतोषचं लग्न झालं तेव्हा सरांना जणू लेकच मिळाली. सून रेखा, जांब समर्थची. तिचे वडील रंगनाथअण्णा म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, रोज मंदिरात हजेरी, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य असा सरळ माणूस. रेखा दहावी झालेली, धीट आणि हसरी. सासऱ्याला मामा म्हणायची आणि त्यांच्या तावडीत सापडून तीही दोन वर्षांत पेशी, पित्त, काळीज असं बोलायला लागली. सर म्हणायचे, "बाई, मला घरातच विद्यार्थिनी गावली." सरांची बायको आधीच वारली होती, त्यामुळे त्या घरात बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी. दोन हजार चारच्या सुमारास जांबला मुलगी झाली, तिला सगळे चिमी म्हणू लागले. बारशाला सर गेले, मीही गेले. बाळ पिवळसर दिसत होतं. सगळ्या बाया म्हणाल्या, नव्या बाळाला कावीळ असतीच, कोवळं ऊन दाखवा. कुणीतरी काविळीची माळ आणून गळ्यात घातली होती. सरांनीही बाळाचे डोळे पाहिले आणि म्हणाले, "जाईल आठ-पंधरा दिवसांत. ऱ्हायलीच तर जल्दी कळवा." कुणी कळवलं नाही. कळवायचं काय? बाळ दूध पीत होतं, हसत होतं, वजन बरं होतं. माळ लांबत चालली की कावीळ उतरते म्हणतात, आणि माळ तर लांबत होती.

रेखा चौथ्या महिन्यात सासरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या दारात. पायात वहाणा नाहीत. "बाई, चिमीची शी पांढरी हाय," म्हणाले. मला काही कळेना, मी म्हटलं, "बरं मग?" ते खाली ओट्यावर बसले. "शीला जो पिवळा रंग असतो ना, तो पित्ताचा. काळजात पित्त तयार होतं आन् नळीनं खाली आतड्यात उतरतं. पोरीची शी चुन्यावानी पांढरी हाय. म्हंजे पित्त उतरतच न्हाई. वाट बंद हाय, बाई. जन्मल्यापासून बंद हाय." मग एकदम म्हणाले, "मी बारशाला लंगोट बघायला पायजे व्हता. डोळे बघितले. लंगोट न्हाई बघितला."

औरंगाबादच्या डॉक्टरांनी तपासून थेट हैदराबादला पाठवलं. जालन्याहून रेल्वेनं गेले सगळे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अशा बाळांवर एक शस्त्रक्रिया असते. आतड्याचा तुकडा वर नेऊन काळजाला जोडायचा, म्हणजे पित्ताला नवी वाट मिळते. पण ती पहिल्या दोन महिन्यांत झाली तर जास्त साधते. तरी करून पाहू म्हणाल्या, आणि केली. शी थोडे दिवस पिवळी झाली. सरांनी शाळेत फोन करून शिपायाकरवी मला वर्गातून बोलावलं. "बाई, पिवळी! हळदीवानी पिवळी!" मी फोनवर रडले. बाजूला उभे मुख्याध्यापक घाबरले, त्यांना वाटलं कुणी गेलं. पंधरवड्यानं शी पुन्हा पांढरी झाली.

त्या डॉक्टरीणबाईंनी काळजाचा नमुना काढून तपासला होता. सरांनी विनंती केली, मी जीवशास्त्राचा मास्तर आहे, मला दुर्बिणीतून बघू द्या. त्यांनी दाखवलं. परत आल्यावर सरांनी जे सांगितलं ते मी आयुष्यात विसरणार नाही.

"बाई, नुसते फुटवे! जिकडं बघावं तिकडं बारीक बारीक नळ्या. काळजात काही पेशी राखीव असतात, नळ्यांच्या मुळापाशी. मूळ पेशी म्हणा. रोजच्या पेशी थकल्या की ह्या जाग्या होतात. आपण दुबार पेरणीला बी राखून ठेवतो, तशा. चिमीच्या काळजानं सगळं राखीव बी पेरून टाकलंय. उगवलं बी सगळं. नळ्याच नळ्या काढून राह्यलंय. पण एक बी नळी बाहेर जात न्हाई. सगळ्या आतल्या आतच संपतात. आन् जागा सगळी वणांनी भरत चालली. त्याला वाटच न्हाई, बाई. ते बिचारं फुटूनच राह्यलंय."

तीस वर्षं या माणसाला फुटवा म्हणजे निव्वळ आनंद ठाऊक होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या काळात वर्तमानपत्रांत मूळ पेशींच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. सरांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, ह्याच पेशींकडून नीट नळी करून घेता येत नाही का? त्या दखनी हिंदीत म्हणाल्या, "मास्टरसाब, दुनिया में लोग कोशिश कर रहे. हो जाएगा एक दिन. मगर बच्ची के पास उत्ता टाइम नै है." त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. घरातल्या कुणाच्या तरी काळजाचा भाग काढून बाळाला लावायचा. देणाऱ्याचं उरलेलं काळीज पुन्हा वाढतं, आणि बाळाला लावलेला भागही बाळासोबत वाढतो. संतोषचा रक्तगट जुळला नाही. सर स्वतः उभे राहिले. तपासणीत त्यांच्या जुन्या काविळीचा विषाणू अजून रक्तात निघाला. "माझं काळीज नापास झालं, बाई," म्हणाले. रेखाचं सगळं जुळलं. ती म्हणाली, "मामा, डोळा भरायचाच आहे ना? भरा की मंग." पैशांचं कसं जमलं ते सांगत बसत नाही, शाळेनं, नातेवाइकांनी, जुन्या विद्यार्थ्यांनी जमवलं. अडलं ते पैशांवाचून नाही.

रेखाच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय तिच्या अंगाला सुरी लावायची नाही, असं सरांनी ठरवलं. रीत म्हणून ते एकटेच जांबला गेले आणि व्याह्यांपुढे हात जोडून बसले. "इवाई," ते म्हणाले, "रेखाच्या काळजाचा तुकडा काढून चिमीला लावायचाय. तुमची परवानगी पायजे." रंगनाथअण्णांनी सरांना जेवू घातलं, बसला बसवून दिलं. तिसऱ्या दिवशी रेखाचे दोन भाऊ भोकरदनला आले, आईला बरं नाही म्हणाले आणि बहिणीला बाळासकट घेऊन गेले. मग फोन बंद. निरोप गेला तर उत्तर एकच, ती येणार नाही.

सर आतून पेटले. "नातीपेक्षा लेक प्यारी झाली त्याला! म्हणावं ठेव तुझी लेक!" मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, जा पुन्हा, बोला. तर म्हणाले, "मी एकदा हात जोडले. पुन्हा न्हाई जोडायचे." संतोष दोनदा गेला, त्याला ओसरीवरूनच परत लावलं. असा महिना गेला. महिनाभर ते लेकरू तिकडे पिवळं होत होतं आणि इकडे हा माणूस खिडकीशी बसून राहायचा. शेवटी माझाच ताबा सुटला. म्हटलं, "सर, तुमचा मान घाला चुलीत. उठा. मी येते तुमच्यासोबत."

जांबला पोचलो. रेखा आतून पळत आली. बाळ कडेवर, हातपाय काड्या आणि पोट पाण्यानं टम्म. सरांनी ते पोट पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसले. अण्णा पुढे आले. त्यांचे डोळे सुजलेले होते. ते सरांशी बोललेच नाहीत, माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा. काळीज कापल्यावर माणूस ऱ्हातंय का? नात वाचावी म्हणून मी लेक मारू का? ह्यांनी तर पोरीला पढवलंय, म्हणे काळीज पुन्हा वाढतंय. असं कुठं असतंय का बाई? फसवून राह्यले तिला." बोलता बोलता त्यांचा हात त्यांच्या डाव्या छातीवर गेला होता.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी ओरडलेच, "अहो अण्णा, काळीज म्हणजे लिव्हर हो! लिव्हर!"

"लिव्हर?" अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "लिव्हर व्हय? दारूनं खराब होतंय ते? आमच्या धाकल्या भावाचं गेल्तं की." मग सरांकडे वळले, आणि त्यांचा आवाज फाटला. "मंग लिव्हर म्हणायचं की हो, सर! लिव्हर म्हणायचं की!"

रेखाची आई पदर तोंडात घालून रडायला लागली. रेखा म्हणाली, "मी सांगत व्हते ना आण्णा, ते काळीज येगळं!" पण तिलाही तो शब्द सोडून दुसरा सुचला नव्हता. तो तिच्या सासऱ्यानं कौतुकानं शिकवलेला शब्द होता. सर मान खाली घालून जमिनीकडे बघत होते.

तरी अण्णांच्या मनातली भीती पूर्ण जाईना. म्हणाले, "मला दाखवा. येगळं हाय तर दाखवा." त्या दिवशी जवळच्या गावचा बाजार होता. आम्ही तिघं जीपनं गेलो. बाजाराच्या टोकाला मटणाचं दुकान. माळ घातलेला, जन्मात कधी त्या बाजूनं न चाललेला तो माणूस. त्यानं गळ्यातली माळ काढली, कपाळाला लावली, माझ्या हातात दिली आणि दुकानाच्या पायरीवर चढला. सर खाटकाला म्हणाले, "भाई, विकत न्हाई घ्यायचं. फक्त दिल आन् कलेजी येगळी येगळी दाखवा. ह्यांच्या लेकीचं आपरेशन हाय." त्या भल्या माणसानं एक शब्द विचारला नाही. दोन्ही हातांवर दोन गोष्टी धरल्या. "ये दिल, बाबा. ये कलेजी. दिल को कोई हात नै लगाता." अण्णांनी डोळे मिटले नाहीत. नीट बघितलं. खाली उतरले आणि रस्त्यातच सरांच्या पायाशी वाकले. "न्या. उद्याच न्या दोघीला."

महिना फार मोठा असतो हो, एवढ्याशा जिवाला. हैदराबादला पोचेपर्यंत चिमीला ताप भरला होता. तो उतरायची वाट बघण्यात आणखी दिवस गेले. मग शस्त्रक्रिया झाली. रेखाच्या काळजाचा डाव्या बाजूचा लहान भाग काढून लावला. चिमीच्या डोळ्यांतला पिवळा रंग पहिल्या दोन-तीन दिवसांत उतरला. संतोष सांगतो, तिचे डोळे पांढरे दिसले तेव्हा तिला आपण ओळखू यायला लागल्यासारखं वाटलं. आठवड्याभरात पुन्हा जंतुसंसर्ग झाला आणि ती गेली. रेखा त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर टाक्यांनी बांधलेली पडली होती. तिला चाकाच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. चिमीला पिंपळगावला शेताच्या कडेला पुरलं. अण्णांनी स्वतःच्या हातानं माती लोटली.

सर शाळेत येत राहिले. वर्ग घेत राहिले. पण शिक्षकांच्या खोलीत कुणी काही बोललं की दचकायचे. एके दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, लिव्हर म्हणालो असतो तर महिना वाचला असता." मी म्हटलं, "सर, महिना वाचून पोरगी वाचली असती असं कुठं आहे?" ते म्हणाले, "न्हाई. पण न वाचती असं बी कुठं हाय?"  त्यानंतर त्यांच्या तोंडून काळीज हा शब्द मी ऐकला नाही. तो धडा आला की ते पुस्तकातून वाचून दाखवायचे, एकसुरात, आणि पुस्तक मिटायचे. भिंतीपलीकडे बसून ते ऐकणं माझ्या जिवावर यायचं. जुना कुणी विद्यार्थी डॉक्टर होऊन भेटायला आला की मात्र एकच विचारायचे, "ती नळी तयार करता येऊन राह्यली का रे आता?" पोरं म्हणायची, अजून नाही सर, काम चालू आहे. निवृत्तीनंतर दोन वर्षांत सर गेले. दुपारी विहिरीजवळ सावलीला टेकले होते, तिथंच गेले. आम्ही गेलो तेव्हा रेखा त्यांच्या पायाशी बसली होती. तिला तोवर एक मुलगा झाला होता, धडधाकट.

पण सर म्हटलं की मला त्यांचं मरण आठवत नाही, औरंगाबादचा तो दिवस आठवतो. चिमी जाऊन तीन-चार महिने झाले होते. रेखाची सोनोग्राफी करायची होती. बाईमाणूस सोबत असावं म्हणून त्यांनी मला नेलं. तपासणारा डॉक्टर तरुण, उत्साही. त्याला घरात काय झालंय ते माहीत नव्हतं. यंत्राच्या पडद्याकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "वा! एकदम मस्त! लिव्हर पूर्ण भरून आलंय. काही काढलं होतं असं कुणाला वाटणारसुद्धा नाही!"

रेखा तशीच पडून राहिली. पोटावर तो गार चिकट पदार्थ, डोळ्यांतून पाणी दोन्ही बाजूंनी कानांत चाललेलं.  कापडी पडद्यापलीकडे उभ्या असलेल्या सरांना ती म्हणाली, "मामा, असं कसं हो? मी तिला दिलं व्हतं ना ते? पुन्हा कशाला आलं? थोडी जागा तरी तिची म्हणून रिकामी ऱ्हायला पायजे व्हती. काहीच कसं ऱ्हायलं न्हाई?"

 मी तिचा हात धरला, पण मला स्वतःलाच रडू फुटलं होतं.  ज्या गोष्टीसाठी हा माणूस इस्त्रीचा सदरा घालून यायचा, तीच गोष्ट त्यांच्या सुनेला नको होती. मला वाटलं, सर आता कोसळतील. मग त्यांचा आवाज आला, वर्गात अडलेल्या पोराला समजावताना यायचा तसा, अगदी हळू.

"माय, आतलं भरून येतंय. त्याला कळत न्हाई, त्याला वाटतं जखम हाय, भरायची. पण कातडीला ते येत न्हाई. वरचा वण ऱ्हातो. तो मरेस्तोवर जात न्हाई. तो तिचाच हाय."

रेखानं डोळे पुसले. मी तिचं पोट पुसून दिलं, लुगडं सारखं केलं. आम्ही तिघं बाहेर पडलो आणि भोकरदनच्या गाडीत बसलो. सर पुढच्या बाकावर, रेखा माझ्या शेजारी खिडकीशी. गाडी सुटली तेव्हा तिनं पदराआडून वणावर हात ठेवला, आणि भोकरदन येईपर्यंत तो काढला नाही.